घरा येतंय

मुळगाव, डिचोली
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय क्षमा,

वयनीचा पोटभर आशीर्वाद. तू जपानला पोचल्याची तार आली आणि माझ्या घशाखाली घास उतरला. तोवर मी वर एखादं विमान दिसलं की हात जोडत होते आणि तुझा दादा हसत होता. म्हणे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. हसू दे. सासू-सासरे गेल्यापासून तुला मी वाढवलंय, भ्यायचा हक्क माझा आहे.

आता तुझ्या बदली जी आली तिचं सांगते. तुमच्या त्या मुलींच्या अदलाबदलीच्या योजनेची माणसं जीपमधून तिला सोडून गेली आणि जाताना मला म्हणाली, "आजपासून ही तुमची मुलगी." बोलायला काय जातं! नाव युमी. मी उमा करून टाकलं. चणीने लहान, पाठीवर स्वतःएवढी पिशवी. दारात बूट काढून असे जुळवून ठेवले, की दादा आपल्या चपला मुकाट्याने सरळ करून आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे जमलं नव्हतं.

दुसऱ्याच सकाळी माझ्या हातून घोटाळा झाला. पोदेराचा भोंगा वाजला आणि ही अंगणात धावत "पान! पान!" ओरडू लागली. मला वाटलं, खाते वाटतं. दादाच्या डब्यातलं पान काढलं, चुना लावला, सुपारी घातली, दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, वाकून नमस्कार केला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर चावलं, पण थुंकली नाही. दुपारी चित्र काढून दाखवलं तेव्हा कळलं, तिच्या भाषेत पावाला पान म्हणतात; पोदेराच्या टोपलीतले पाव बघून ओरडत होती ती. दादा म्हणाला, पोर्तुगीज तिकडेही गेले होते, पाव देऊन आले. मी कपाळाला हात लावला.

हसायचं तेवढं हसून झालं, पण खरं सांगू? मला भीती वाटते, क्षमा. परक्याची लेक. तिला साप चावला, ताप आला, खाणीच्या ट्रकखाली सापडली, तर तिकडे तिच्या आईच्या घरात तू आहेस. तुम्हा दोघींचे जीव एकाच दोरीला बांधलेत असं मला रात्रंदिवस वाटतं. तळहातावरच्या फोडासारखी जपते आहे तिला. तूही तिकडे नीट राहा.

तुझी वयनी

*

किताक्युशू
२९ ऑक्टोबर १९८६

प्रिय वयनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पानाची गोष्ट युमीच्या आईला सांगितली, अर्धी खुणांनी. त्या तोंडावर हात ठेवून खूप हसल्या, आणि मग हळूच विचारलं, "चुन्याने तोंड भाजलं का तिचं?" हसण्याच्या मागे लगेच ती काळजी. तुझीच बहीण शोभेल.

मी त्यांना ओकासान म्हणते, म्हणजे आईच. युमीचे वडील इथल्या पोलादाच्या कारखान्यात होते, ते वारले. घरात या एकट्या, आणि आता मी. काल बंदर दाखवायला नेलं. धक्क्यावर लाल मातीचा डोंगर होता. वयनी, आपल्या सुर्ल्याच्या खाणीतल्या मातीचा हुबेहूब रंग! ती माती खरंच आपली की दुसऱ्या कुठली, कोण जाणे, पण मी चिमूटभर उचलून रुमालात बांधली.

परवा जमीन हलली. जास्त नाही, कपाटातल्या कपबशा वाजण्याइतकी. मी उभीच राहिले थिजून. ओकासाननी मला ओढून टेबलाखाली घेतलं आणि माझं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं. थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे असं होतं?" मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे भिण्यासारखं काही नाही." त्यांना केवढं बरं वाटलं!

इथे घरातून निघताना नुसतं "जाते" म्हणत नाहीत. "जाऊन येते" म्हणायचं, आणि घरच्यांनी "जाऊन ये" म्हणायचं. म्हटल्याशिवाय ओकासान मला उंबरा ओलांडू देत नाहीत. अगदी आपल्यासारखंच.

एक काम. शेवटच्या समारंभात युमीने मराठीतून भाषण करायचं, असं दादाने योजनेच्या लोकांना कळवलंय. तेव्हा तिला शुद्ध मराठी शिकव, पुस्तकातली. सध्या तिथे भाषेवरून वातावरण तापलंय असं ऐकते. दादाची मान खाली जायला नको.

तुझी क्षमा

*

मुळगाव
२० नोव्हेंबर १९८६

प्रिय क्षमा,

शुद्ध मराठीचं म्हणशील तर तुझी वयनी नापास.

पहिले आठ दिवस मी पुस्तक घेऊन बसले. "हे घर आहे. मी घरी जाते." तीही बिचारी घोकत होती. पण पोर माझ्यामागून गोठ्यात येते, विहिरीवर येते, मासे कापताना समोर बसते. तिथे मी पुस्तकातलं कसं बोलू? मांजराला हाकलताना व्याकरण सुचतं का कुणाला? आपण पत्र मराठीत लिहितो, आरती मराठीत म्हणतो, दादा देवळातल्या नाटकात मराठी राजा होतो, आणि घरात आल्यावर तोच राजा "म्हाका च्या दी" म्हणतो. पोरीने तेच उचललं. त्यातही माझ्या माहेरचं, पेडण्याचं. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या "येतंय"ला तुम्ही सगळी हसायचात, आठवतं? तुम्ही डिचोलीकर म्हणणार "येतां". आता ही विहिरीवर निघाली की तोंड वर करून ओरडते, "वयनी, येतंय गो!"

दादाने ऐकलं आणि तो भडकला. "तूं ताका मराठी शिकयता काय पेडण्याची बाजारभास?" पूर्वी हे थट्टेत म्हणाला असता. आता थट्टा राहिली नाही.

क्षमा, गाव बदललंय. भिंतींवर काय काय लिहिलंय. एक म्हणतो राजभाषा मराठी, दुसरा म्हणतो कोंकणी, आणि दोघेही ते एकाच बोलीत ओरडतात. गोकुळदासाच्या दुकानाच्या बाकावर दादाने आयुष्यभर पेपर वाचला. आता गोकुळदास कोंकणीवाला, म्हणून दादा त्या बाजूने जातच नाही. मीठ आणायला मला दुसऱ्या वाड्यावर जावं लागतं. उमाला यातलं काय कळणार! ती रोज जाऊन त्या बाकावर बसते आणि गोकुळदासाकडून चण्याची पुडी घेऊन येते. दादा ती पुडी बघतो, बोलत काही नाही. तो गप्प बसतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

खाणीवरून सुटला की थेट सभेला जातो. काल मागच्या पडवीत गेले तर कोपऱ्यात कुऱ्हाड नव्हती. विचारलं तर म्हणाला, धार लावायला दिलीय.

हे उमाच्या आईला सांगू नको. तिला सांग, मुलगी मजेत आहे. ती आहेच मजेत, घाबरायचं काम मी करते आहे.

तुझी वयनी

*

किताक्युशू
२४ डिसेंबर १९८६

प्रिय वयनी,

नोव्हेंबरनंतर तुझं पत्र नाही.

आज योजनेच्या कचेरीतून फोन आला. गोव्यात दंगे चालू आहेत, रस्ते बंद आहेत, गोव्यातल्या काही मुलांचा पत्ता लागत नाही, एवढंच ते सांगू शकले. युमी त्यात आहे का, विचारलं. माहीत नाही म्हणाले.

फोन मी घेतला होता. ओकासान मागे उभ्या होत्या, हातात ताट पुसायचं फडकं. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "नाताळच्या शुभेच्छा दिल्या."

वयनी, मी असं का बोलले? आता मागे कसं घेऊ? त्या आत युमीसाठी स्वेटर विणत बसल्या आहेत. मी सांगितलं होतं की तिथे थंडी नसते, तरी विणताहेत. सुयांचा आवाज ऐकवत नाही मला.

मी इथे नेतृत्व शिकायला आले. परवा गटापुढे भाषण केलं, टाळ्या पडल्या. आणि आज एका बाईच्या डोळ्यांत बघायची हिंमत होत नाही.

तार कर. फोन कर. डिचोलीला पोस्टात जा, नाहीतर पणजीला कुणाला तरी पाठव. फक्त एवढंच कळव, ती आहे ना?

क्षमा

*

मुळगाव
२८ डिसेंबर १९८६

प्रिय क्षमा,

उमा घरी आहे. सर्वांत आधी हे लिहिते. माझ्यासमोर बसून पेज खाते आहे.

तार करायला दादा डिचोलीला गेला होता, पण पोस्ट बंद. आज उघडलं म्हणतात, तेव्हा हे पत्र आणि तार बरोबरच टाकतो.

झालं असं, की ती योजनेच्या बैठकीला पणजीला गेली होती. येताना म्हापशाहून अस्नोड्याच्या वाटेने बसने निघाली. वाटेत कोणीतरी झाड पाडून रस्ता अडवला होता. गडबडीत बसची काच फुटली आणि तिच्या भुवईवर लागलं. टाके पडले, पण डोळा वाचला. ती हसते आहे. आरशात बघून म्हणते, "बरें दिसता." देवाने राखलं म्हणायचं.

फार काही झालेलं नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझी वयनी

*

किताक्युशू
११ जानेवारी १९८७

प्रिय वयनी,

तार मिळाली तेव्हा मी ओकासानच्या गळ्यात पडून रडले, आणि मग सगळं सांगावं लागलं, फोनचंही. त्या रागावल्या नाहीत. आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुझं पत्र आलंय आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचते आहे. तू चार ओळींत आटपलंस. मांजराची गोष्ट दोन पानं सांगणारी माझी वयनी! "कोणीतरी" झाड पाडलं. कोणी? कुऱ्हाड धार लावून परत आली का? दादा त्या दिवशी कुठे होता?

विचारायला मलाही भीती वाटते. पण विचारावंच लागेल, कारण काल ओकासाननी मला समोर बसवून एकच प्रश्न केला: "तुझ्या घरी माझी मुलगी सुरक्षित आहे का?" कचेरीने निर्णय त्यांच्यावर सोडलाय. त्या हो म्हणाल्या तर युमी मार्चपर्यंत तिथे राहील. नाही म्हणाल्या तर तिला परत आणतील आणि मलाही परतावं लागेल, जोडी मोडली की दोन्ही मुली घरी, असा नियम आहे. पण मला माझं काही नाही. मला फक्त त्यांना खोटं सांगायचं नाहीये, पुन्हा.

त्या म्हणाल्या, "तू जे सांगशील ते मी खरं मानेन."

वयनी, मी काय सांगू?

क्षमा

*

मुळगाव
२४ जानेवारी १९८७

प्रिय क्षमा,

विचारलंसच, तर ऐक. मन घट्ट कर.

झाड दादाने पाडलं. आपल्या गावाच्या अलीकडे वळणावर सातवण होती ना, तीच. त्याच्याबरोबर पुष्कळ होते, निम्मे ओळखीचे, निम्मे कुठले कोण जाणे. बस थांबली. लोक आत चढले आणि एकेकाला विचारू लागले, "मराठी काय कोंकणी?" दादा खाली, झाडापाशी होता. आत कोण आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. पोरगी संध्याकाळच्या बसने येणार असं आम्ही धरून चाललो होतो.

बसमध्ये गोकुळदास होता, म्हापशाहून माल घेऊन येत होता. त्याला ओळखणारा कोणीतरी ओरडला, "हो तांचो!" त्याला गळपट्टीला धरून ओढायला लागले. त्याच वेळी बाहेरून दगड आला आणि काच फुटली. कोणाचा दगड ते आजपर्यंत कोणी सांगत नाही.

आणि ही उठली. भुवईतून रक्त वाहत होतं. गोकुळदासाच्या आणि त्या माणसांच्या मधे उभी राहिली आणि जेवढं येत होतं तेवढं, तुझ्या दादाचं नाव घेऊन, मोठ्याने म्हणाली, "हांव मुळगांवचें. गौरेशाची भयण. हो आमचो गोकुळदास. घरा येतंय!"

दादा सांगतो, त्याने आधी फक्त "येतंय" ऐकलं. त्या रस्त्यावर "येतंय" म्हणणारी एकच बाई, त्याची बायको. त्याला वाटलं, बसमध्ये मी आहे. हातातली कुऱ्हाड टाकून माणसं तुडवत तो आत घुसला, आणि बघतो तर ही. पुस्तकातलं मराठी बोलली असती तर तो वळला असता का? मला माहीत नाही. मी रात्री पडल्या पडल्या हाच विचार करते.

तिला त्याने उचललं. एका बाजूने त्याने, दुसऱ्या बाजूने गोकुळदासाने. ते पाडलेलं झाड ओलांडायला दोन माणसं लागली. मी दारातून पाहिलं तर दोघांच्या अंगावर रक्त, आणि कोणाचं ते कळेना. ती मला बघून म्हणाली, "वयनी, आयलंय." आणि मग शुद्ध हरपली तिची.

मी तुझ्यापासून हे लपवलं. दादाने सांगितलं नव्हतं लपवायला, माझं मीच लपवलं. तुझ्या मनातून तो उतरेल या भीतीने.

त्या दिवसापासून तो सभेला गेलेला नाही. त्याचे सोबती दोनदा घरी येऊन गेले, तिसऱ्यांदा शिव्या देऊन गेले. गोकुळदासाच्या लोकांचाही त्याच्यावर राग आहे, आणि तो बरोबरच आहे. संध्याकाळी अंगणात कुत्रं भुंकलं की तो उठून कडी बघतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणणारा तुझा दादा! उमासाठी लिहिलेलं ते भाषण त्याने चुलीत घातलं नाही, पण तिला शिकवलंही नाही. मराठीवरची माया उडाली म्हणून नाही गं. ज्ञानोबा-तुकोबा त्याचे तेच आहेत. पण तोंड उघडलं की त्याला ती बस आठवते.

आता तू काय सांगायचंस ते. सुरक्षित आहे असं छातीठोकपणे सांगू नको. मी रोज तिला दाराबाहेर सोडताना मरते. तिची आई असते तर मी म्हटलं असतं, माझी लेक परत द्या.

हे लिहीत होते तर दादा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, तिच्या आईला माझा निरोप लिही. तो बोलला ते मी मराठीत घालायला लागले तर म्हणाला, "रावं दी. उलयलां तशें बरय." म्हणून जसं बोलला तसंच लिहिते. आपल्या घरात असं कागदावर पहिल्यांदाच येतंय:

"तुमच्या चेडवाक हांवें अडयलें. हांवेंच घरा हाडलें. आनी म्हाका भंय दिसता."

तुझी वयनी

*

किताक्युशू
१५ फेब्रुवारी १९८७

प्रिय वयनी,

दादाचा निरोप मी ओकासानना सांगितला. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत: "तुमच्या मुलीला मी अडवलं. मीच घरी आणलं. आणि मला भीती वाटते." सगळं सांगितलं, कुऱ्हाडीसकट. सांगून होईपर्यंत त्यांनी माझे हात आपल्या हातात धरून ठेवले.

मग म्हणाल्या, "भीती वाटते असं म्हणणारा माणूस तिच्याजवळ होता, हे बरं झालं." मला वाटलं, राहू देणार. पण त्या पुढे म्हणाल्या, "तरी आता तिला परत बोलावू या." आणि वयनी, मला राग आला नाही. तू म्हणाली होतीस तेच त्या बोलल्या.

काल युमी आली. विमानतळावर नको, घरीच भेटते असं ओकासान म्हणाल्या, लोकांपुढे त्यांना रडायचं नव्हतं. सकाळपासून दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे. मला उगाच वाटत होतं की वाटेत काहीतरी होईल, गाडी येणारच नाही. गाडी आली. ती उतरली, तुझी खणाची पिशवी खांद्याला. केस पुढे ओढून भुवई झाकली होती. फाटकातून आत आली, बूट काढले, जुळवून ठेवले, उंबऱ्यापाशी आली आणि आपल्या आईकडे बघून मोठ्याने म्हणाली,

"आयलंय गो!"

म्हटलं आणि स्वतःच दचकली, तोंडावर हात ठेवला. जपानी शब्द तिला त्या क्षणी सापडलाच नाही. ओकासानना त्यातलं अक्षर कळत नाही. पण त्यांनी तिचे केस बाजूला केले, व्रणावर अंगठा ठेवला, आणि घरी परतलेल्या माणसाला इथे जे म्हणतात ते म्हणाल्या. मग तिघीही उंबऱ्यावर बसून रडलो. स्वेटर तिला आखूड झालाय. तुझ्या पेजेने अंग धरलंय तिने.

माझं परतीचं विमान ठरलंय, या महिनाअखेरीला. युमी मला धीर देते, पण मला झोप नाही. गावात कोण कोणाशी बोलतं, बाकावर कोण बसतं, आपल्या दाराची कडी रात्री कोण वाजवतं, सगळं डोळ्यांपुढे येतं. ओकासाननी आत्तापासूनच रोज "जाऊन ये" म्हणायला सुरुवात केलीय. परत कधी येणार ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही.

मुंबईहून म्हापशाला उतरेन, आणि तिथून अस्नोड्याच्याच वाटेने बसने येईन. दुसरी वाट मला माहीत नाही. दादाला म्हणावं, वळणावर येऊन उभा राहा. रिकाम्या हाताने.

घरा येतंय.

क्षमा